नैर्ऋत्य वायव्य

खांब ड्युईचा आहे हे मला शंभर पावलांवरून कळलं. चार इंच जाडीचं चौकोनी भरीव लाकूड, वरचं टोक तासून उतरतं केलेलं, आणि एका बाजूला खिळ्याने ठोकलेला तंबाखूचा चपटा डबा. आमच्या खोऱ्यात असा खांब आता दुसरं कोणी पुरत नाही. सरकारी जमिनीवर खूण पुरून तिथल्या खनिजावर हक्क सांगणारे, म्हणजे खाणीचा दावा लावणारे, बाकीचे लोक प्लास्टिकचे पांढरे पोकळ पाइप पुरतात. पक्षी घरट्याला जागा शोधत वरून आत उतरतात आणि गुळगुळीत भिंतीवरून त्यांना परत चढता येत नाही. दावे सोडून माणसं निघून गेली तरी पाइप उभेच राहतात. नेवाडाभर हजारोंनी आहेत. ते कोणीही उपटून तिथल्या तिथे आडवे ठेवावेत अशी कायद्याने मुभा आहे. म्हणून दर एप्रिलमध्ये मी आणि ड्युई क्विलन त्याच्या ट्रकमधून फिरतो आणि पाइप उपटतो. पहिल्या वर्षी एका पाइपातून मी सतरा निळे पक्षी झटकून काढले होते, वाळलेले, एकावर एक. ड्युईने टोपी काढली, परत घातली, आणि त्यानंतर स्वतःच्या दाव्यावर कधी पाइप लावला नाही.

त्या एप्रिलमध्ये त्याने पाठीचं कारण सांगितलं, म्हणून मी एकटाच गेलो होतो. खांब बटन झऱ्याच्या वरच्या अंगाला होता. झरा म्हणजे घोट्याएवढ्या कोमट पाण्याचं एक डबकं, बैठकीच्या खोलीत मावेल एवढं, आणि त्यातून निघून शंभरेक फुटांवर वाळूत मुरणारी धार. त्या पाण्यात तिळाएवढ्या गोगलगाई आहेत. जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. मी त्या भिंगातून पाहिल्या आहेत; नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर दगडावर कोणी मिरपूड सांडली आहे असं वाटतं.

मी डबा उघडला. आत घडी केलेला कागद, ड्युईच्या ठळक अक्षरांत: दावा, जमिनीचं वर्णन, तारीख, त्याचं नाव. मला हसू आलं. झऱ्याची जमीन अकरा वर्षांपासून खाणींना बंद होती. सरकारी जमीन कार्यालयात कारकून होतो तेव्हा बंदीच्या आदेशातलं जमिनीचं वर्णन मी स्वतः टाइप केलं होतं. चाळीस वर्षं खडक फोडणाऱ्या माणसाने बंद जमिनीवर खांब पुरावा याचं मला आश्चर्य वाटलं, आणि कबूल करायचं तर थोडा आनंदही झाला. आमच्या दोघांत चुकायचं काम नेहमी माझ्याकडे असायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो रोवीनाच्या कॅफेत त्याच्या नेहमीच्या बाकावर होता.

"काय रे कारकुंड्या, पक्षी किती?"

"चार. आणि एक खांब."

"खांब आपण मोजत नाही."

"तुझा खांब आहे, ड्युई. बटन झऱ्यापाशी."

त्याने कप खाली ठेवला. "पाहिलास तर. सरळ आहे ना? हातभर खाली खडक लागला. तरी ओळंबा लावून उभा केला."

"पाठ दुखत होती ना तुझी?"

"म्हणून तर दुखली."

"ती जमीन बंद आहे," मी हळू आवाजात म्हणालो. शेजारच्या टेबलावर दोन गुरंवाले बसले होते आणि मला त्याची फजिती व्हायला नको होती. "कोणाच्या लक्षात यायच्या आत कागद काढून घे. हसतील तुला."

ड्युईने माझ्याकडे पाहिलं आणि मान मागे टाकून हसला. "रोवीना, ऐकलंस? ऑरिन टॅगर्ट मला जमिनीचं वर्णन शिकवतोय!"

"शिकून घे," रोवीना गल्ल्यामागून म्हणाली. "माझ्या मेनूत त्याने अकरा चुका काढल्यात. विचारलं नव्हतं कोणी."

"अगं, त्याचाच कागद वाचून खांब पुरला मी. ओळ न् ओळ वाचली." मग माझ्याकडे वळून तो जरा मऊ आवाजात म्हणाला, "घरी जा आणि वाच. खरंच. मला वाटलं तुला माहीत आहे."

निवृत्त झालो तेव्हा कार्यालयाने मला त्या आदेशाचं पान चौकटीत बसवून भेट दिलं होतं, शेजारी खोऱ्याचा रंगीत नकाशा. नऊ वर्षांत मी त्याकडे नीट पाहिलं नव्हतं. स्वतःचं कौतुक भिंतीवर टांगलेलं पाहायला मला अवघड वाटतं, म्हणून मी ती चौकट पुस्तकांच्या कपाटाशेजारी अशी लावली होती की कपाटाचं दार उघडलं की ती झाकली जायची. मी दार लावलं, खुर्चीवर चढलो आणि वाचू लागलो.

आमच्याकडे सरकारी जमीन मैल-मैलाच्या चौकोनांत मांडलेली असते. प्रत्येक चौकोनाच्या चार चौथाया, त्या प्रत्येकीच्या पुन्हा चार, चाळीस-चाळीस एकरांच्या. बटन झरा चौदाव्या चौकोनात, वायव्येच्या चौथाईत, तिच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात आहे. पण कागदावर लहान तुकडा आधी लिहायचा आणि मोठा नंतर, म्हणजे ओळ अशी हवी: नैर्ऋत्य वायव्य. चौकटीतल्या काचेमागे छापलं होतं: वायव्य नैर्ऋत्य.

या दोन नावांचे तुकडे एकमेकांना चिकटून आहेत, एक वर, एक खाली. अकरा वर्षं आम्ही खालचा कोरडा उतार राखत होतो. तिथे झुडपं आहेत आणि एक गंजलेली बादली. वरचे झऱ्याचे चाळीस एकर सगळ्यांना मोकळे होते. शेजारच्या नकाशावर झरा हिरव्या रंगात होता, कारण नकाशा दुसऱ्या माणसाने काढला होता आणि तो बरोबर होता. पण नकाशा आणि ओळ यांचं जुळलं नाही तर ओळ खरी धरतात. नव्या लोकांना हे मीच शिकवायचो.

मी खुर्चीवरून उतरलो आणि तिच्यावरच बसलो.

ती ओळ टाइप केली तो दिवस मला चांगला आठवतो. त्या आदेशासाठी चार वर्षं शाळेच्या व्यायामशाळेत सभा झाल्या होत्या. गुरंवाले, खाणवाले, मासे-पाखरं वाचवणारे, सगळे घड्या घालायच्या खुर्च्यांवर बसून एकमेकांवर ओरडले होते. शेवटी खोऱ्याचा निम्मा भाग बंद करायचा आणि निम्मा मोकळा ठेवायचा असं ठरलं. सभा संपल्यावर आमचे तेव्हाचे मोठे साहेब म्हणाले होते, "सगळे सारखेच चिडून गेलेत. म्हणजे तोल साधला." मग वर्णनाच्या बेचाळीस ओळी माझ्याकडे आल्या. मी त्या टाइप केल्या, तीनदा तपासल्या, पाकिटात घातल्या.

त्या संध्याकाळी घरी जाताना एका ओळीबद्दल मनात काहीतरी टोचत राहिलं. कोणती, ते कळेना. मला तसं नेहमीच टोचत असतं. शेगडी बंद केली का, दाराला कुलूप लावलं का, हे पाहायला मी आयुष्यभर अर्ध्या वाटेवरून परत फिरलोय, आणि शेगडी दर वेळी बंदच असते. दुसऱ्या दिवशी सकाळी टपालाची पिशवी निघायच्या वेळी मी दाराशी घुटमळलो. साहेबांनी विचारलं, "काय ऑरिन, आता वजनही करून पाहायचंय का त्याचं?" सगळे हसले. मीही हसलो. म्हटलं, एकदा तरी चारचौघांसारखं वागून पाहू. आणि मी म्हणालो, "नाही, जाऊ द्या."

आयुष्यात एकदाच मी स्वतःवर विश्वास ठेवला.

ड्युई गावाबाहेर एका ट्रेलरमध्ये राहतो, दारात खडकांच्या पेट्या. मी गेलो तेव्हा तो पायरीवर बसून बुटाला मेण चोळत होता. माझा चेहरा पाहून त्याने बूट बाजूला ठेवला.

"वाचलंस."

"चूक आहे ती, ड्युई. माझी चूक. दोन शब्द उलटे पडलेत."

त्याने मेणाचं फडकं पायरीवर टाकलं. "चूक?" मग म्हणाला. "मला वाटलं, मुद्दाम ठेवलंय."

"मुद्दाम कशाला ठेवू?"

"अरे, मला काय माहीत! चार वर्षं त्या व्यायामशाळेत मी बसलो. दर सभेत उठून सांगितलं की त्या वरच्या उतारावर खडकात काहीतरी आहे, मला बघू द्या. कोणी ऐकलं नाही. मग गेल्या हिवाळ्यात पाठीमुळे पडून होतो, तुझा आदेश काढून वाचला, आणि पाहतो तर तेवढाच तुकडा मोकळा! म्हटलं, ऑरिन बोलला नाही कधी, पण त्याने ऐकलं होतं. तुझ्याकडून चूक होईल असं माझ्या डोक्यातच आलं नाही. तू चुकतोस का कधी? मेनूतलं बटाट्याचं स्पेलिंग तुला खपत नाही!"

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू तोंडावर नाही म्हणाला असतास. तुला लाजायला होतं ना. म्हटलं, न बोलता दिलंय, न बोलता घेऊ."

मी पायरीवर त्याच्या शेजारी बसलो. जे मागायला आलो होतो ते मागायला मला फार वेळ लागला. "दावा सोडशील? मी कधी काही मागितलं नाही तुझ्याकडे."

"सोडला असता," तो म्हणाला. "देवाशपथ, ऑरिन, तू मागितलास म्हणून सोडला असता. त्या मिरपुडीसाठी नाही, तुझ्यासाठी. पण मंगळवारी सही केली मी. रेनो शहरातली खाण कंपनी आहे. त्यांच्या नावावर करून टाकला."

मंगळवार. पाइप उपटायला मी सोमवारीच जाणार होतो. पण सोमवारी ढग होते, आणि पाऊस येईल का या विचारात मी दिवसभर खिडकीशी बसून राहिलो. पाऊस आला नाही.

कार्यालयात जाऊन स्वतःची चूक सांगायला मी तीन दिवस घेतले, हे लिहितानाही लाज वाटते. नवे साहेब तरुण होते, सभ्य होते. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली. गोगलगाईंवर काम करणारी इनेझ ओलाबारियाही तिथे होती. मी बोलत असताना ती भिंतीवरच्या हिरव्या नकाशापाशी गेली आणि झऱ्यावर बोट ठेवून उभी राहिली. त्या नकाशावर विसंबून ती सहा वर्षं तिथे जात होती.

"दुरुस्ती करता येईल ना?" मी विचारलं.

"येईल," साहेब म्हणाले. "नोटीस छापायची, लोकांचं म्हणणं मागवायचं, मग राजधानीत सही. दीड वर्ष. कदाचित दोन."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत जमीन मोकळी आहे, मिस्टर टॅगर्ट. त्यांनी दावा नियमाने लावलाय. चाचणीसाठी छोटं भोक पाडायचं असेल तर त्यांनी कळवायचं आणि पंधरा दिवस थांबायचं, एवढंच. माझ्याकडे त्यांना अडवायला कागद नाही." ते थोडं थांबले. "कागद होता तो असाच निघाला."

मला वाटतं, त्यांना टोचायचं नव्हतं.

बाहेर पायऱ्यांवर इनेझ मला म्हणाली, "तुम्ही सांगितलंत हे चांगलं केलंत. सांगितलं नसतंत तर कोणाला कळलं नसतं."

"ड्युईला कळलं होतं."

"हो. पूर्ण वाचणारा एवढा एकच माणूस निघाला." ती हसायला गेली आणि तिला ते जमलं नाही.

कंपनीने पंधरा दिवस थांबून सोळाव्या दिवशी भोक पाडायचं यंत्र आणलं. मी आयुष्यभर त्यांच्यासारख्या लोकांचे अर्ज हाताळले होते, आणि इतकं नीटनेटकं काम क्वचितच पाहिलं होतं. रस्ता अरुंद ठेवला, तेल सांडू नये म्हणून खाली ताडपत्री घातली, झऱ्याभोवती लाल फीत बांधली, कामगारांना पाण्याजवळ डबा खायला मनाई केली. त्यांचा मुकादम, हार्लन नावाचा थोराड माणूस, मला रोज कॉफी द्यायचा. "तुमच्या गोगलगाईंना धक्का लागणार नाही, आजोबा," तो म्हणायचा. "दोनशे पावलं लांब आहोत आम्ही." तो खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच वाटत होतं.

इनेझने डबक्यात आकडे रंगवलेली एक पट्टी उभी केली होती. पाणी नऊवर होतं. ती सहा वर्षं तिथे येत होती, आणि हिवाळा असो की उन्हाळा, पाणी नऊवरच असायचं.

पाचव्या दिवशी भोकातून पाणी उसळलं. माणसांनी आरोळ्या ठोकल्या, एकाने टोपी भिजवून घेतली. कोमट पाणी होतं. मी हात बुडवला आणि मला कळलं की हा झऱ्याचाच ऊबदारपणा आहे. खाली दाबून धरलेलं पाणी होतं, वर चिकणमातीचं झाकण होतं, आणि त्या झाकणातून पाण्याला वाट सापडली होती. हार्लनने तासाभरात भोक बुजवायला घेतलं. सिमेंट ओतलं, पुन्हा ओतलं. वरून उसळणं थांबलं. पण खाली, सिमेंट पोचलं नाही अशा कुठल्यातरी भेगेतून, पाणी दुसरीकडे वाहू लागलं होतं. ते कुठे गेलं हे कोणी सांगू शकलं नाही.

सोमवारी पट्टीवर साडेआठ होतं. मला वाटलं मी चुकीचं वाचतोय. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

पुढच्या सोमवारी आठ. मग सात. ड्युई माझ्याबरोबर यायला लागला. तो डबक्याच्या काठावर बसून राहायचा. एकदा म्हणाला, "चांगला डोळा लावला तर दिसतात रे. चालतात त्या." चाळीस वर्षांत त्याने कधी त्या पाहिल्या नव्हत्या. तो गुडघ्यांवर वाकून, नाक पाण्याला लागेल इतक्या जवळून पाहत होता, आणि मला त्याच्याकडे पाहवेना.

इनेझने ऊब धरून ठेवणाऱ्या पेटीत भरून चारशे गोगलगाई नेल्या. त्यांना तेच पाणी लागतं, त्याच उबेचं, त्याच क्षारांचं. तिने टाकी भरून पाणी नेलं, उष्णता मोजत बसली. तीन आठवड्यांनी तिने फोन केला आणि दुसरंच काहीतरी बोलत राहिली, वडिलांच्या मेंढ्यांबद्दल. मी विचारलं नाही. फोन ठेवताना तीच म्हणाली, "संपल्या, ऑरिन."

ऑगस्टच्या दुसऱ्या सोमवारी डबक्यात चिखल होता. काठावरच्या दगडांवर काळी पूड वाळून चिकटली होती. मी बोट लावलं तर बोटाला लागली. झटकायचं कुठे ते मला कळेना, म्हणून गावात परत येईपर्यंत मी तो हात मांडीवर उताणा धरून बसलो होतो.

कंपनीला खडकात काही मिळालं नाही. ड्युईला वाटलं होतं ते तिथे नव्हतंच. त्यांनी रस्ता उकरून गवताचं बी फेकलं, लाल फीत गुंडाळून नेली आणि दावा सोडून दिला. खांब काढायचं मात्र ड्युईने स्वतःकडे घेतलं. भरीव खांब उभा राहिला तरी चालतो, मी म्हणालो, त्यात पक्षी मरत नाहीत. त्याने ऐकलं नाही. पाठ धरून, पहारीने, एकट्याने उपटला आणि तिथेच आडवा ठेवला, आम्ही पाइप ठेवायचो तसा. डबा काढून मला दिला. "तुझ्याकडे राहू दे," म्हणाला. "तुझी भाषा आहे आत."

दुरुस्ती मात्र थांबली नाही. एकदा सुरू झालेलं काम थांबवायचं तर वेगळा कागद लागतो, आणि तो कोणी लिहिला नाही. नोटीस छापली गेली. तीन पत्रं आली, तिन्ही कोणत्या तरी दुसऱ्याच खोऱ्याबद्दल. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये एका दुपारी इनेझ माझ्याकडे आली. तिच्या हातात राजधानीला जायचा शेवटचा मसुदा होता.

"साहेबांनी पाठवलंय. म्हणाले, सही व्हायच्या आधी ही ओळ एकदा तुमच्या नजरेखालून जाऊ द्या."

"माझ्या?"

"तुमच्याइतकं बारकाईने कोण वाचतं?"

मी तिला स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी ठेवली. कागद एकच होता. चौदावा चौकोन: खालचे चाळीस एकर मोकळे करण्यात येत आहेत; त्यांच्याऐवजी वरचे चाळीस एकर, झरा आणि झऱ्यावर अवलंबून असलेले जीव यांच्या रक्षणासाठी, वीस वर्षं खाणींना बंद राहतील. नैर्ऋत्य वायव्य.

मी वाचलं. उलटं वाचलं. चौकोन काढला, त्याच्या चौथाया पाडल्या, पेन्सिलीने झऱ्याच्या जागी ठिपका दिला आणि ओळ पुन्हा त्याच्यावर बसवून पाहिली. बसत होती.

"बरोबर आहे?" इनेझने विचारलं.

"थांब."

मी दुसरा चौकोन काढला. कॉफी उतू गेली, ती उठून शेगडी बंद करायला गेली. मी तिसरा काढला. तिने घड्याळाकडे पाहिलं नाही, एवढी ती चांगली आहे. बाहेर ड्युईच्या ट्रकचा आवाज आला. तो आजकाल दुपारी येतो, आम्ही फारसं बोलत नाही. तो दारातून आत आला, टेबलावरचे चौकोन पाहिले, कागदावरची ओळ पाहिली.

"बरोबर आहे रे," तो म्हणाला. "मी वाचली."

"हो," मी म्हणालो.

"मग दे तिला. टपाल निघायचं असेल."

इनेझने हात पुढे केला. कागद माझ्या हातात होता आणि त्यात एकही चूक नव्हती.

"एकदाच," मी म्हणालो. "आणखी एकदाच पाहतो." आणि चौथा चौकोन काढायला घेतला.